चोकला दोन थेंब तेल

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात सगळेच म्हणतात, आणि म्हणताना असे हसतात की जणू मी तो बाजारातून विकत आणला. तो मला आप्पांकडून आला. आप्पा म्हणजे माझे वडील. म्हैसूरच्या एका गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. त्यांचा राग गल्लीला पाठ होता. आता आप्पा नाहीत, दुकान नाही, मी स्वतः साठीच्या पुढे आहे आणि एका इंजिनाच्या चोकवरून आलेला राग अजून गेलेला नाही. तो कोणावर आहे हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्या घरात तेलाचा एक नियम होता. सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या, विठोबाच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळली, की पहिला टाका पडायच्या आधी प्रत्येक मशीनला तेल. जितकी भोकं, तितक्या ठिकाणी दोन-दोन थेंब. मशीन कुरकुरलं, घाला तेल. दार करकरलं, घाला तेल. छत्री उघडेना, तेल. आजोबांच्या गुडघ्यालाही तेच मशीनचं तेल चोळलेलं मी पाहिलं आहे. गुडघा सुधारला नाही, पण तेलाला कोणी नाव ठेवलं नाही, आजोबांनाच म्हातारपणाचा दोष दिला. शिंप्याच्या घरात तेल कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस.

तेलाची ती लांब चोचीची बुधली माझ्या हातात आठव्या वर्षी आली. मी कॉलेजात गेले, बी.कॉम. झाले, तरी बुधली माझ्याकडेच होती. मला त्याचा अभिमान होता. "माझ्या लेकीनं तेल घातलेलं मशीन तक्रार करत नाही," असं आप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवून दोनदा ऐकायची.

त्या वर्षांत दुपारी करंट जायचा. पायाच्या मशिनी चालायच्या, पण कापडाच्या कडा बांधायची इंटरलॉकची दोन मशिनं मोटरवर होती, आणि काजं करायच्या आतल्या खोलीत दिव्याशिवाय भर दुपारी सुई दिसत नव्हती. कडा बांधून आल्या नाहीत की पायाच्या मशिनीही थांबायच्या. म्हणून आप्पांनी एक लहान जनरेटर घेतला. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर वळवायचा. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, त्याला मशिनींच्या रांगेत बसवून शेवंतीचा हार घातला. त्याच्याबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेलाही हळदकुंकू वाहिलं आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवून दिली. पूजा झाली म्हणजे वाचून झाली, असा आमचा कारभार.

इंजिन थंड असताना त्याला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. त्यासाठी चोकची खुंटी ओढायची. खुंटीला एक तार, तारेच्या टोकाला कार्बोरेटरच्या तोंडात बसवलेली नाण्याएवढी पितळी चकती. खुंटी ओढली की चकती आडवी होऊन हवा अडवते. इंजिन तापलं की खुंटी आत ढकलायची. मग तार सैल पडते आणि एक बारीक स्प्रिंग चकतीला उघडते. चकती उघडली नाही तर इंजिन गुदमरतं, काळा धूर ओकतं आणि बंद पडतं. इंजिन सुरू करायची दोरी ओढायचं, चोक लावायचं-सोडायचं काम मामांचं होतं.

मामा नात्याने मामा नव्हेत. ते आमचे कटिंग मास्तर, आमच्याच मराठी शिंप्यांपैकी, माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या दुकानात. नंजनगूडला राहायचे, सकाळच्या गाडीने यायचे. जाड भिंगांचा चष्मा, कानावर खडू. संध्याकाळी निघताना ते आपली कात्री कटिंगच्या टेबलावर, लाकडी पट्टीच्या खाली सरकवून जायचे. आमच्यात कारागिराची कात्री ज्याची त्याची. मालकही तिला हात लावत नाही. कात्री टेबलावर राहिली म्हणजे माणूस उद्या येणार. कात्री गेली म्हणजे माणूस गेला, वेगळं काही सांगावं लागत नाही.

त्या मे महिन्यात वरुणा गावाच्या बाजूच्या एका शाळेचे युनिफॉर्म आमच्याकडे होते. खाकी चड्ड्या, निळे परकर, पांढरे सदरे, सगळं शाळा उघडायच्या आत द्यायचं. आणि नेमका तेव्हाच जनरेटर रुसला. सुरू व्हायचा, पाच मिनिटं काळा धूर सोडायचा, इंटरलॉकचं मशीन लावलं की धाप लागल्यासारखा बंद पडायचा. आप्पांनी मेकॅनिक बोलावला.

त्या मेकॅनिकचा विचार आला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. त्याने प्लग काढला. प्लग काळा आणि ओला होता. तो चिमटीत धरून त्याने साऱ्या दुकानाला फिरवून दाखवला आणि म्हणाला, "चोक ओढून ठेवूनच चालवलंय कुणीतरी. रोजचं आहे हे. नवा कार्बोरेटर लागेल, बेंगळूरहून येईल, आठ दिवस." बस. हवेच्या फिल्टरचा डबा दोन स्क्रूंवर असतो, तो काढला असता तर आतली चकती तोंडासमोर दिसली असती. त्याने काढला नाही. उंटावरून शेळ्या हाकल्या, हात पुसले आणि गेला.

दुकान भरलेलं होतं. करंट नव्हता, त्यामुळे पंख्यांचा, मशिनींचा, कसलाच आवाज नव्हता. तिघे कारागीर हात बांधून बसलेले. सरस्वतीपुरम भागातले एक निवृत्त शाळामास्तर पँटची उंची कमी करून घ्यायला आले होते. दोन बायका युनिफॉर्मची चौकशी करत उभ्या होत्या. आमच्या घरात आणि दुकानातल्या माणसांशी आम्ही मराठी बोलायचो, गिऱ्हाइकांशी कन्नड. आप्पा मामांकडे वळले आणि कन्नडात ओरडले, "मुदुका! कण्णु काणल्वा निंगे?" म्हाताऱ्या, डोळे दिसत नाहीत का तुला? उभ्या आयुष्यात त्यांनी मामांना 'तुम्ही'शिवाय हाक मारली नव्हती. आणि नंतरचं सगळंही कन्नडातच. खुंटी सोडायचं भान नाही, गेल्या महिन्यात बाही उलटी कापली, शाळेचं काम बुडालं तर शाळेला तुझं तोंड दाखवू का. सगळ्यांना कळावं म्हणून ते त्या भाषेत बोलत होते.

मामा उठले. "मी चोक सोडतो की मालक," ते मराठीत म्हणाले. "रोज सोडतो. सुम्ने, उगाच कशाला बोलू मी?"

"मग इंजिन सुम्ने मेलं काय?" आप्पा म्हणाले.

मामांनी सगळ्यांकडे बघितलं. कारागिरांकडे, मास्तरांकडे, शेवटी माझ्याकडे. मी काय केलं? मूग गिळले. मला वाटलं, असेल. चष्मा जाड झालाय, बाही खरंच उलटी कापली होती, विसरलेही असतील. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणून आप्पांवर मी आयुष्यभर चिडत आले, पण त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटूनच राहिली होती.

मामांनी पट्टी उचलली, कात्री घेतली, एका खाकी चिंधीत गुंडाळली आणि पायऱ्या उतरले. आप्पा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जाऊ दे."

पुढचे चार दिवस घरात नुसती आग होती. कटिंग आप्पाच करायचे आणि कापड वाया घालवून कारागिरांवर खेकसायचे. मी आईवर खेकसायची. आई कुणावर खेकसणार, ती भांडी आपटायची. मामांच्या जागेवर पट्टी तशीच पडलेली होती आणि तिच्याखाली काही नव्हतं. येता-जाता तिकडे बघून माझं डोकं उठायचं.

पाचव्या दिवशी एकादशी होती. एकादशीला आमच्याकडे सुईत दोरा ओवत नाहीत. दुकान बंद, सगळे विठ्ठलमंदिरात भजनाला. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. डोकं दुखत नव्हतं, मला ते इंजिन उघडायचं होतं. मला दुसरंच काहीतरी बिघडलेलं सापडायला हवं होतं. ते आप्पांच्या नाकासमोर धरून, बघा, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, असं म्हणायचं होतं. मामांची दया आली म्हणून मी बसले असं सांगायला बरं वाटलं असतं. पण आधी आप्पांना हरवायचं होतं, हे खरं.

कपाटातून पुस्तिका काढली. पानं हळदीने चिकटली होती. ती सोडवून चित्र बघितलं, पेट्रोलचा कॉक बंद केला, फिल्टरच्या डब्याचे दोन स्क्रू काढले आणि डबा बाजूला केला. समोर चकती. खुंटी आत ढकललेली होती, म्हणजे चकती सताड उघडी असायला हवी. ती अर्ध्याहून जास्त बंद होती. खुंटी ओढली, पूर्ण बंद झाली. आत ढकलली, तार सैल होऊन वाकली आणि चकती होती तिथेच राहिली. स्प्रिंग तिला ओढत होती, पण चकतीची दांडी तिच्या भोकात घट्ट रुतली होती.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच ओरडले. मामा रोज खुंटी आत ढकलत होते. खुंटी आत जात होती. डब्याच्या आत चकती उघडते की नाही हे त्यांना काय, कोणालाच दिसणार नव्हतं. मामा खरं बोलत होते! आता येऊ देत आप्पांना भजनाहून, असं म्हणत मी दांडी कशाने रुतली ते बघायला लागले.

दांडीच्या दोन्ही टोकांना, ती जिथे भोकात शिरते तिथे, काळपट लोण्यासारखं काहीतरी बसलं होतं. मी आप्पांच्या पेटीतली जाड सुई घेतली. एकादशी होती, तरी घेतली. सुईने ते कोरून काढलं आणि पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर पसरलं. ती लव होती. कापडाची लव. खाकी, निळी, पांढरी, शाळेच्या युनिफॉर्मची. आणि तिला धरून ठेवणारं जे चिकट होतं ते मी नाकाशी नेलं. तो वास मला आठव्या वर्षापासून पाठ आहे.

रोज सकाळी मशिनींना तेल घालून झालं की मी जनरेटरपाशी जायची आणि डब्यामागे जी दांडीची टोकं बाहेर दिसतात त्यांवर दोन-दोन थेंब टाकायची. मला कोणी सांगितलं नव्हतं. भोक दिसलं, तेल घातलं. दुकानभर उडणारी लव त्या तेलावर बसत गेली, इंजिनाच्या उष्णतेने आटत गेली, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याचा डिंक झाला. पुस्तिकेत साफ लिहिलं होतं, चोकच्या दांडीला तेल लावू नये, ती पेट्रोलने धुऊन कोरडी ठेवावी. ती ओळ आमच्या हळदकुंकवाखाली होती.

मग मला राग आला, इतका की ती सुई मी भिंतीवर फेकली. मेकॅनिकवर आला, पुस्तिकेवर आला, मामांवरसुद्धा आला. ओरडायचं होतं ना त्यांनीही, दोन शिव्या द्यायच्या, डबा उघडा म्हणायचं! राग सगळीकडे फिरून येत होता, फक्त बुधलीपाशी थांबत नव्हता.

मग मी काम केलं, कारण बसून काही होणार नव्हतं. चकतीचे दोन बारीक स्क्रू काढून बशीत ठेवले. चकती काढली, दांडी हळूहळू फिरवत ओढून घेतली, स्प्रिंग उडू नये म्हणून तिच्यावर अंगठा धरून. दांडी, भोक, चकती, सगळं पेट्रोलमध्ये दात घासायच्या जुन्या ब्रशने धुतलं. भोकातून मलमलची पट्टी ओढली, ती पांढरी बाहेर येईपर्यंत. कोरडं पुसून परत बसवलं. खुंटी ओढली आणि सोडली. चकती टक करून उघडली. पंधरा-वीस वेळा करून बघितलं, प्रत्येक वेळी टक. प्लग घासून बसवला, दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. खुंटी आत ढकलल्यावर धूर विरळ झाला आणि आवाज एकसारखा झाला. नव्या कार्बोरेटरची काही गरज नव्हती.

आप्पा गल्लीच्या तोंडापासून आवाज ऐकत आले. कपाळावर बुक्का, हातात टाळ. मी इंजिन बंद केलं आणि ती लव लागलेलं कापड त्यांच्यापुढे धरलं. सगळं सांगितलं. तेल माझं, हेही सांगितलं.

त्यांनी कापड बघितलं, वास घेतला. "इंजिन चाललं ना?" ते म्हणाले. "मग आता ते उकरून काय मिळणार आहे?"

"मामांना बोलवा."

"मी जाऊ? त्यांच्या दारात? कात्री त्यांनी नेली. मी ‘न्या’ म्हटलं होतं काय?"

"मुदुका म्हणालात तुम्ही त्यांना!"

"साकु," आप्पा म्हणाले. पुरे. आणि टाळ भिंतीवरच्या खुंटीला अडकवून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी नंजनगूडची गाडी पकडली. सबंध वाटेत मी आप्पांना मनातल्या मनात धारेवर धरलं होतं, त्यामुळे मी स्वतःला फार न्यायी वाटत होते. मामा घराच्या ओट्यावर बसून शेजारणीचं पोलकं कापत होते, त्याच कात्रीने. मी पाया पडले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आता सुटतो चोक?"

"सुटतो. टक करून."

"बरं झालं." त्यांनी पोलक्याची बाही पुरी कापली. मग म्हणाले, "पोरी, तुझ्या आप्पानं मला कन्नडात सांगितलं. मास्तर होते, बायका होत्या, समद्यांला कळाय पायजे म्हणून. तू हितं येऊन मराठीत सांगतीस, माझ्या कट्ट्यावर. हितं माझ्यावर कोण संशय घेतलंय?"

"मी आप्पांना घेऊन येते, मामा."

"बेडा, नको. आप्पा बेडा. तेल तुझं होतं न्हवं? तूच सांग. दुकानात सांग. करंट गेला की समदे हात बांधून बसतात बघ, तवा सांग. मग मी येतो. कात्री घेऊनच येतो."

मी म्हटलं, उद्याच सांगते. अगदी जोरात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी करंट गेला. पंखे थांबले, इंटरलॉकची मशिनं थांबली, दुकान गप्प झालं. तिघे कारागीर हात बांधून बसले. ते सरस्वतीपुरमचे मास्तर पँट न्यायला आले होते आणि बाकावर वर्तमानपत्राने वारा घेत होते. आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. आप्पा कटिंगच्या टेबलापाशी उभे होते, मामांच्या जागेवर. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. घशाशी वाक्य तयार होतं, कन्नडात, रात्रभर घोकलेलं. मी उठले, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी जनरेटरपाशी जाऊन चोक ओढला आणि दोरी ओढली.

इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. त्या आवाजात मी बोलले. तेल मी घातलं होतं, मामांची काही चूक नव्हती, असं बोलले, आणि मराठीत बोलले. मास्तरांनी कानाला हात लावला, मग हसून हातानेच नंतर सांग अशी खूण केली. कारागीर मशिनींकडे वळले. आप्पांना वाटलं मी चोकबद्दल काही सांगते आहे. त्यांनी मान डोलवली. मी खुंटी आत ढकलली.

झालं, सांगितलं, असं मी स्वतःला बजावलं. संध्याकाळी जेवताना तर मला मोकळंसुद्धा वाटत होतं.

आमचा एक कारागीर नंजनगूडच्याच गाडीने जायचा. दोन दिवसांनी तो मला म्हणाला, "मामा इचारत होते स्टेशनवर. पोरगी काय बोलली काय दुकानात, म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"न्हाई म्हटलं," तो म्हणाला. "तुम्ही कुठं काय बोलला?"

मामा आले नाहीत. त्यांची पट्टी आप्पांनी वापरायला घेतली. शाळेचे युनिफॉर्म वेळेवर गेले, जनरेटर पुढे कितीतरी वर्षं चालला, आणि दर महिन्याला मी त्याचा चोक पेट्रोलने धुऊन कोरडा करून ठेवत होते, तेलाचा एक थेंब न घालता. तेवढं मात्र मी कधी चुकवलं नाही. आप्पांच्या रागाला मी ते जाईपर्यंत नावं ठेवली. पण आप्पा जे बोलले ते करंट नसताना बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी आधी इंजिन चालू केलं.

आज इथे कुठलंच इंजिन चालू नाही. चोक मामा रोज सोडत होते. तेल माझं होतं.